यकृत्-संरक्षण, प्राणिप्रयोग आणि आपले उत्तरदायित्व

आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांपैकी कोणाचेही माहितीपत्रक उघडले, तर यकृद्विकारांवरील एखादे सिरप, घनवटी किंवा कॅप्सूल त्यात हमखास आढळते. सोबत एक स्तंभालेख असतो. त्यातला एक स्तंभ उंच, दुसरा ठेंगणा आणि तिसरा त्या दोहोंच्या मध्ये असतो. खाली ‘एस.जी.पी.टी.’ असे लिहिलेले असते आणि वर ‘यकृत्-संरक्षक गुणधर्म शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध’ असा ठळक मथळा असतो. हे प्रयोग कोणावर झाले, हे बहुधा बारीक अक्षरांत असते, कित्येकदा नसतेही. ते उंदरांवर झालेले असतात.

प्राणिप्रयोगांना आमचा विरोध नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. आमच्या पिढीतील अनेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी द्रव्यगुण आणि रसशास्त्राचे प्रबंध याच मार्गाने पूर्ण केले आहेत आणि त्या श्रमांचे मोल कमी नाही. परंतु या प्रयोगांतून नेमके काय कळते, काय कळत नाही, आणि त्या आधारे रुग्णाला आपण कोणते आश्वासन देऊ शकतो, याचा विचार वैद्य आणि फार्मसीधारक या दोघांनीही एकदा शांतपणे करावयास हवा. यकृताच्या बाबतीत तो अधिकच आवश्यक आहे. कारण यकृताचे रक्षण करणारी म्हणून आपण ज्या वनस्पती अग्रक्रमाने सांगतो, त्यांपैकीच काहींच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे अहवाल आता आपल्यासमोर आले आहेत.

प्रयोग कसा होतो?

या प्रयोगांची पद्धत ठरलेली आहे. सहा-सहा उंदरांचे चार-पाच गट करतात. एका गटाला काहीच विष देत नाहीत. दुसऱ्याला केवळ विष देतात. तिसऱ्याला विषासोबत सिलिमारिन हे तुलनेसाठीचे द्रव्य. आणि उरलेल्या गटांना अभ्यासातील वनस्पतीचा अर्क दोन वेगवेगळ्या मात्रांत देतात. विष म्हणून सर्वाधिक वापरले जाते ते कार्बन टेट्राक्लोराइड. त्याखालोखाल पॅरासिटामॉल, गॅलॅक्टोसामाइन, थायोअसिटामाइड, मद्यार्क आणि क्षयावरील आयसोनियाझिड-रिफॅम्पिसिन यांचा क्रम लागतो. अर्क बहुधा आधी सात दिवस पाजतात, मग विष देतात आणि साधारण 24 तासांनी रक्तातील एस.जी.पी.टी., एस.जी.ओ.टी., बिलिरुबिन मोजून यकृताचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

येथे पहिली अडचण अशी की, कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसे विषारी नाही. यकृतातील सायटोक्रोम वर्गातील एक किण्व त्याचे रूपांतर अत्यंत क्रियाशील अशा मुक्त मूलकात करते आणि ते मूलक यकृत्पेशींच्या आवरणातील स्निग्धांश जाळत सुटते. आता समजा, आधी सात दिवस दिलेल्या अर्काने ते किण्वच मंदावले, तर विष तयारच होणार नाही आणि उंदराचे यकृत सुखरूप राहील. आलेखात हे ‘संरक्षण’ म्हणून दिसेल. परंतु मानवी यकृतशोथ, मग तो विषाणुजन्य असो, मेदजन्य असो वा मद्यजन्य, या मार्गाने होत नाही. शिवाय तेच किण्व मंदावणारा अर्क रुग्णाच्या इतर औषधांचे पचनही बदलू शकतो. म्हणजे ज्याला आपण गुण म्हणून छापतो, तो एखाद्या रुग्णात अडचणीचे कारण ठरणे अशक्य नाही. पॅरासिटामॉलचेही असेच आहे. त्याचे विषारी रूपही यकृतातील किण्वांमुळेच बनते.

दुसरी अडचण काळाची. उंदराला औषध आधी मिळते आणि विष नंतर. आपला रुग्ण मात्र डोळे पिवळे झाल्यावर चिकित्सालयात येतो. कावीळ होण्यापूर्वी सात दिवस आधीपासून औषध घेण्याची सोय त्याला नसते. विष दिल्यानंतर औषध सुरू करून केलेले प्रयोग तुलनेने थोडे आहेत. वस्तुतः आपल्या प्रश्नाच्या जवळ जाणारे प्रयोग तेच होत.

तिसरी अडचण मात्रेची, आणि ती फार्मसीधारकांनी विशेष ध्यानात घ्यावी. उंदराचा चयापचय मानवापेक्षा शीघ्र असतो, म्हणून शरीरभारानुसार मात्रा थेट नेता येत नाही. प्रचलित हिशेबानुसार उंदराच्या प्रतिकिलो मात्रेस 6.2 ने भागले असता मानवाची प्रतिकिलो मात्रा मिळते. उंदरास प्रतिकिलो 400 मिलिग्रॅम मद्यार्की अर्क दिला असेल, तर 60 किलो वजनाच्या मनुष्यास त्याच्याशी समतुल्य मात्रा रोज सुमारे पावणेचार ग्रॅम अर्काची होते. त्या वनस्पतीपासून दहा टक्के अर्क निघतो असे धरले, तर ही मात्रा जवळजवळ चाळीस ग्रॅम शुष्क द्रव्याची झाली. आणि त्याच संदर्भाचा आधार घेऊन बाजारात येणाऱ्या कॅप्सूलमध्ये अर्क असतो शंभर-दोनशे मिलिग्रॅम! उलट आपली शास्त्रोक्त चूर्णमात्रा दिवसाला सहा ग्रॅम धरून उंदराची मात्रा काढली, तर ती प्रतिकिलो सुमारे 620 मिलिग्रॅम चूर्ण, अशी येते. असे प्रयोग व्हावयास हवेत. ग्रंथोक्त कल्पना, ग्रंथोक्त मात्रा आणि ग्रंथोक्त अनुपान घेऊन केलेला प्रयोग आपल्या औषधाबद्दल काही सांगेल. पेट्रोलियम ईथरच्या अर्कावरील प्रयोग आपल्या क्वाथाबद्दल फारच थोडे सांगतो.

चौथी गोष्ट निदानाची. कोष्ठशाखाश्रित आणि शाखाश्रित अशा कामलेच्या दोन प्रकारांत आपण चिकित्सेचा भेद करतो. एकात पित्ताचे निर्हरण, तर दुसऱ्यात आधी कफाचा अवरोध दूर करणे. ज्या उंदराच्या उदरात विष टोचले आहे, त्याला यांपैकी कोणती कामला झाली? त्याचा अग्नी कसा, कोष्ठ कसा, निदानसेवन कोणते? रसायनाने घडवलेल्या या यकृद्दाहास आपल्या परिभाषेत नाव देणेही कठीण आहे. तेव्हा ‘कामलेवर सिद्ध’ असे म्हणताना आपण आपल्याच शास्त्राचा निदानविचार बाजूस ठेवत असतो.

मनुष्यापर्यंत पोहोचल्यावर

प्राणिप्रयोगातील यश मनुष्यात कितपत टिकते, याची दोन उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत.

पहिले सिलिमारिनचे. आपल्या प्रबंधांत तुलनेचे प्रमाणद्रव्य म्हणून हेच असते. उंदरांत त्याचा परिणाम वारंवार दिसला आहे. परंतु जीर्ण ‘सी’ विषाणुजन्य यकृतशोथ असलेल्या आणि इंटरफेरॉन चिकित्सेचा उपयोग न झालेल्या 154 रुग्णांवर अमेरिकेत एक चिकित्सालयीन परीक्षण झाले. त्याचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेत 24 आठवडे सिलिमारिन देऊनही एस.जी.पी.टी.मध्ये निष्क्रिय गोळीपेक्षा लक्षणीय घट दिसली नाही. ज्या मापाने आपण इतर वनस्पती मोजतो, त्या मापाचीच मनुष्यातील ही स्थिती आहे.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे, भूम्यामलकीचे. वुडचक या खारीच्या कुळातील प्राण्याला मानवी ‘बी’ विषाणूसारखाच एक विषाणू ग्रासतो. त्या प्राण्यात भूम्यामलकीच्या जातीतील वनस्पतीने विषाणू कमी झाल्याचे 1987 मध्ये प्रसिद्ध झाले. या संशोधनात ‘बी’ विषाणूच्या शोधाशी निगडित कार्याबद्दल 1976 चे नोबेल पारितोषिक मिळालेले बारूच ब्लुमबर्ग सहभागी होते. पाठोपाठ 1988 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की, 30 दिवस भूम्यामलकी घेतलेल्या 37 वाहकांपैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूचा पृष्ठ-प्रतिजन नाहीसा झाला, निष्क्रिय गोळी घेतलेल्या 23 जणांत असा एकच होता. देशभर आशा पल्लवित झाल्या. परंतु पुढे इतरत्र झालेल्या परीक्षणांत तो परिणाम त्या प्रमाणात पुन्हा दिसला नाही. 2011 च्या कॉक्रेन आढाव्याने उपलब्ध पुरावा निर्णायक नसल्याचे म्हटले. वनस्पतीची जात, संग्रहाचा ऋतू, मात्रा, रुग्णांचा प्रकार, यांत फरक असू शकतो. पण मग तो फरक शोधणे हे आपले काम होते. त्याऐवजी 1988 चा आकडा तेवढा माहितीपत्रकांत राहिला आणि नंतरचे गळून गेले.

सुरक्षिततेचा प्रश्न

परिणामकारकतेपेक्षाही सुरक्षिततेच्या दाव्याबाबत अधिक सावध राहावयास हवे. ‘प्रतिकिलो 2000 मिलिग्रॅम मात्रेपर्यंत पूर्णतः सुरक्षित’ हे वाक्य आता परवलीचे झाले आहे. त्याचा अर्थ काय? आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीव्र विषारीपणाच्या एका प्रचलित चाचणीत प्रत्येक टप्प्याला तीन प्राणी घेतात, एकदाच मात्रा देतात आणि 14 दिवस पाहतात. ते जिवंत राहिले, तर द्रव्य तीव्र विषारी नाही, इतके समजते. तीन महिने रोज घेणाऱ्या, मेदयुक्त यकृताच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाबद्दल ते काहीही सांगत नाही. त्यासाठी 28 दिवसांच्या आणि 90 दिवसांच्या चाचण्या वेगळ्या आहेत, आणि त्यांनाही मर्यादा आहे.

ती मर्यादा अशी. औषधांमुळे होणारी यकृताची इजा दोन प्रकारची असते. एक मात्रेवर अवलंबून असणारी. ती बहुतांश वेळा उंदरातही दिसते. दुसरी व्यक्तिसापेक्ष, म्हणजे हजारोंमधून एखाद्यालाच, त्याच्या विशिष्ट जन्मजात घडणीमुळे होणारी. एकाच वंशाच्या, एकाच वयाच्या, एकाच अन्नावर वाढलेल्या पन्नास निरोगी उंदरांत ती सापडणार कशी? प्रकृतिभेद हा ज्या शास्त्राचा पाया, त्या शास्त्राच्या अभ्यासकांना ही गोष्ट समजावून सांगण्याचे वस्तुतः कारण पडू नये.

हरिद्रेचे उदाहरण घ्या. कार्बन टेट्राक्लोराइडपासून उंदराच्या यकृताचे रक्षण करणाऱ्या द्रव्यांत हरिद्रेचे नाव वर आहे. अमेरिकेतील औषधजन्य यकृद्विकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकजाळ्याने 2022 मध्ये हरिद्रेच्या पूरक गोळ्यांमुळे यकृतास इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी सात जणांत एकच विशिष्ट आनुवंशिक चिन्ह आढळले. एक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावला. तिघांच्या गोळ्यांत मरिचातील पायपेरीनही होते. आता बंगळूरच्या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. पायपेरीनच्या जोडीने दिल्यास कर्क्युमिनची रक्तातील उपलब्धता उंदरांत 154 टक्क्यांनी वाढली. मनुष्यात ती वाढ 2000 टक्के होती. एकच योग, एकच संशोधक, आणि दोन प्रजातींत एवढा फरक! स्वयंपाकातली चिमूटभर हळद आणि शोषण वाढवलेला केंद्रित अर्क ही एकच वस्तू नव्हे. ‘घरोघरी शतकानुशतके वापरात’ हा आपला आधार अर्काला जसाच्या तसा लागू होत नाही.

गुडूचीचा विषय आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आणि अधिक वादाचा. 2020-21 च्या साथीत गुळवेलीचा काढा, सत्त्व आणि घनवटी घरोघरी पोहोचली. कित्येकांनी ती वैद्याला न विचारता महिनोन्महिने घेतली. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाठोपाठ 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा एकत्रित अहवाल आला. त्यांत स्वयंप्रतिकारक यकृतशोथासारखे चित्र वारंवार दिसल्याचे नोंदले आहे. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षास हरकत घेतली. वनस्पतीची निश्चित ओळख पटवली गेली नसावी आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या सारख्या दिसणाऱ्या जातीची गल्लत झाली असावी, असा मुद्दा मंत्रालयाने मांडला.

या वादात आपल्यापैकी अनेकांची पहिली प्रतिक्रिया होती, ‘गुडूची तर यकृताचे रक्षण करते, उंदरांवर सिद्ध आहे!’ ही प्रतिक्रिया आम्हांस चिंताजनक वाटते. कारण उंदरावरील तो प्रयोग या प्रश्नाचे उत्तर देऊच शकत नाही. प्रतिकारशक्ती उद्दीपित करणारे द्रव्य सुप्त स्वयंप्रतिकारक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीत काय करील, याची परीक्षा निरोगी उंदरात होत नाही. आणि वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दा खरा मानला, तर तो आपल्यावरच येतो. कुंपणावरची वेल तोडून आणणाऱ्याला, बाजारातून पोते उचलणाऱ्या रसशाळेला आणि दहा रुपयांची पुडी विकणाऱ्या दुकानदाराला ओळख शिकवायची कोणी? ओळख पटवण्याची जबाबदारी ज्यांच्या शास्त्राची ती वनस्पती आहे, त्यांचीच असावयास हवी.

मग प्राण्यांची साक्ष कोठे घ्यावी?

सुश्रुताच्या कल्पस्थानातील पहिला अध्याय या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. राजाच्या अन्नात विष आहे किंवा नाही, हे ओळखण्यासाठी पशुपक्ष्यांवर होणारे परिणाम तेथे सविस्तर दिले आहेत. विषयुक्त बली खाल्ल्याने मरणाऱ्या माश्या व कावळे, डोळ्यांचा रंग पालटणारा चकोर, स्वर बिघडणारा कोकिळ, अशी लक्षणे मांडली आहेत. म्हणजे प्राण्यांची साक्ष आपल्या परंपरेला परकी नाही. मात्र तेथे ती धोका ओळखण्यासाठी घेतली आहे. या द्रव्याने अमुक व्याधी बरा होतो, असे चकोराकडून वदवून घेतलेले नाही.

आजही प्राणिप्रयोगांचे सर्वांत भरवशाचे काम हेच आहे. ऍरिस्टोलोकिक आम्लाचे उदाहरण द्यावेसे वाटते. उंदरांत ते प्रबळ अर्बुदकारक असल्याचे जर्मन संशोधकांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केले आणि जर्मनीत त्याची औषधे बाजारातून काढण्यात आली. परंतु हा इशारा सर्वत्र मनावर घेतला गेला नाही. पुढील दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत त्याच कुळातील चिनी वनस्पती मिसळली गेली. अनेक स्त्रियांचे वृक्क निकामी झाले आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपली ईश्वरी, म्हणजे सापसण, याच प्रजातीतील आहे, हे येथे लक्षात ठेवावे. उंदराने ‘धोका आहे’ असे सांगितले, तर ते गंभीरपणे घ्यावे. ‘धोका नाही’ असे सांगितले, तर त्यावर विसंबून राहू नये. परिणामकारकतेबाबत उंदराची साक्ष फार तर अनुमानाच्या पदवीला पोहोचते. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती या चार प्रमाणांत अनुमानाला स्थान आहेच. पण प्रत्यक्ष रुग्णाच्या जागी ते बसवता येणार नाही.

आपल्याच भूमीतील मार्ग

हे कसे करावे, याचे नमुने शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईत आरोग्यवर्धिनीचे तीव्र विषाणुजन्य यकृतशोथातील द्विअंध परीक्षण 1980 मध्येच प्रसिद्ध झाले होते. डॉ. अंतरकर, डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी शास्त्रोक्त कल्प घेऊन आधी रुग्णाकडे पाहिले. या कल्पात निम्मा भाग कटुकीचा. म्हणून पुढे एकट्या कटुकीच्या मुळाचे चूर्ण 375 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन आठवडे, असे देऊन 15 रुग्णांची निष्क्रिय गोळी घेतलेल्या 18 रुग्णांशी तुलना केली. बिलिरुबिन आणि किण्वे लवकर उतरल्याचे दिसले. 1996 च्या त्या निबंधात प्राण्यांवरील अभ्यासही आहे. पण क्रम लक्षात घ्यावा. ग्रंथ, रुग्ण आणि मग यंत्रणा समजून घेण्यासाठी प्रयोगशाळा, असा तो आहे. रुग्णसंख्या लहान आहे आणि तीव्र यकृतशोथ बहुधा आपोआपही उतरतो, म्हणूनच तुलनेच्या गटाला महत्त्व. तरीही दिशा योग्य होती.

के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांचे गुडूचीवरील कामही असेच. अवरोधजन्य कामलेच्या रुग्णांत प्रतिकारशक्ती खालावते आणि शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने मृत्यू ओढवतात, हा रुग्णशय्येवरचा प्रश्न त्यांनी आधी हाती घेतला. पित्तनलिका बांधलेल्या उंदरांत, म्हणजे त्याच अवस्थेशी जुळणाऱ्या प्रतिमानात, गुडूची पाहिली आणि मग 30 रुग्णांत तिचा वापर केला. 1993 च्या निबंधानुसार शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण गुडूची न घेतलेल्या गटात 40 टक्के, तर घेतलेल्या गटात 92.4 टक्के होते. ज्या गुणामुळे तेथे गुडूचीने लाभ दिला, तोच प्रतिकारशक्तीशी संबंधित गुण अन्यत्र, अन्य प्रकृतीत, अवेळी व अमर्याद वापरल्यास उपद्रवी ठरू शकेल काय, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू नाही. योग्य योजनेने विषही औषध होते आणि अयोग्य योजनेने औषधही विष, हे चरकाचे सांगणे आपण विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवतोच.

तिसरा नमुना पुण्याचा. लहान मुलांच्या यकृताला ग्रासणारा, बहुधा प्राणघातक ठरणारा एक यकृद्विकार भारतात पूर्वी बराच आढळे. 1980 च्या दशकात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी आजारी मुलांच्या आणि तुलनेसाठी निवडलेल्या मुलांच्या आहाराची बारकाईने चौकशी केली. कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवलेले वा साठवलेले दूध, हा धागा त्यांना सापडला. भांडी बदलली आणि हा आजार झपाट्याने ओसरला. मोठ्या माणसांना ज्या भांड्यांचा त्रास नव्हता, ती तान्ह्यांना घातक ठरत होती. हे निदानपंचकातील ‘निदान’ आहे, आणि ते मातांशी बोलून सापडले. असे बोलणे आपल्या चिकित्सालयात रोज होते. आपण ते लिहून ठेवत नाही, एवढेच.

काय करावे?

कोणी म्हणेल, शास्त्रोक्त औषधाला उंदराची साक्ष हवीच कशाला? आम्हांसही ती अनिवार्य वाटत नाही. 2010 साली नियमांत आलेल्या 158-ब या कलमानेही शास्त्रोक्त औषध, पेटंट औषध आणि अर्क यांच्यासाठी पुराव्याच्या वेगवेगळ्या अपेक्षा ठेवल्या आहेत. परंतु मग विक्रीसाठी तीच साक्ष वेष्टनावर छापू नये. परीक्षेच्या वेळी ‘आमचे शास्त्र निराळे’ आणि जाहिरातीच्या वेळी ‘उंदरांवर सिद्ध’, या दोन भूमिका एकाच वेळी घेता येत नाहीत. दुसरे कोणी म्हणेल, आधुनिक औषधांनीही यकृत बिघडते. निश्चितच बिघडते, क्षयावरील औषधांनी तर नेहमी. पण ते बिघडते हे त्यांच्या पुस्तकात लिहिलेले असते, आणि म्हणून त्यांच्या रुग्णाचे रक्त तपासले जाते.

फार्मसीधारकांना आमची विनंती आहे की, प्राणिप्रयोगाचा संदर्भ छापावयाचा असेल, तर प्राणी कोणता, विष कोणते, औषध विषाच्या आधी की नंतर, अर्क कोणता आणि मानवी समतुल्य मात्रा किती, या पाच गोष्टी त्याच अक्षरांत छापाव्यात. ‘सिद्ध’ हा शब्द मनुष्यावरील अभ्यासासाठी राखून ठेवावा. गुडूची, कटुकी, भूम्यामलकी यांच्या प्रत्येक बॅचची वनस्पतिशास्त्रीय ओळख पटवून नमुना जपून ठेवावा. भूम्यामलकीच्या नावाखाली फायलँथसच्या अनेक जाती येतात. कटुकी तर आंतरराष्ट्रीय व्यापारनिर्बंधांच्या यादीतील दुर्मिळ वनस्पती आहे. त्यामुळे बदली मालाचा धोका नेहमीचा आहे.

वैद्यबंधुभगिनींना सुचवावेसे वाटते ते असे. सहा आठवड्यांहून अधिक काळ औषध द्यावयाचे असेल, किंवा रुग्णास मेदयुक्त यकृत, मद्यपान, क्षयाची वा मेथोट्रेक्झेटसारखी औषधे, थायरॉइडचा वा अन्य स्वयंप्रतिकारक विकार यांपैकी काही असेल, तर आरंभी आणि महिन्याने यकृताच्या चाचण्या कराव्यात. चालू औषधांची विचारपूस करावी. पिप्पली-मरिचयुक्त कल्प इतर औषधांचे शोषण वाढवतात, हे विसरू नये. अरुची, हृल्लास, कंडू, पीतमूत्रता ही लक्षणे आमच्या औषधाने येणारच नाहीत असे गृहीत न धरता औषध थांबवावे. एस.जी.पी.टी. सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक आणि सोबत बिलिरुबिन दुपटीहून अधिक असेल, तर विलंब न करता यकृततज्ज्ञांकडे पाठवावे. औषधजन्य इजेत या जोडीनंतर दहातील सुमारे एक रुग्ण दगावतो, असा अनुभव नोंदलेला आहे. आयुष औषधांच्या संशयित दुष्परिणामांच्या नोंदीसाठी 2018 पासून देशव्यापी यंत्रणा उभी राहिली आहे. तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. तेथे नोंद पाठवणे हा शास्त्राचा द्रोह नव्हे. नोंद आपण केली नाही, तर ती दुसरे कोणी करील, आणि मग आपल्या बाजूने बोलायला आपल्यापाशी आकडा नसेल.

संघटनेनेही एक छोटे काम हाती घ्यावे. प्रत्येक शाखेतील इच्छुक वैद्यांनी कामला आणि मेदयुक्त यकृताच्या रुग्णांची एकाच नमुन्याची नोंदपत्रिका भरावी. तीत निदानप्रकार, कल्प, बॅच, मात्रा, अनुपान, आरंभीच्या आणि नंतरच्या चाचण्या, आणि उपद्रव नोंदवावेत. ज्यांना गुण आला नाही किंवा ज्यांना अपाय झाला, त्यांच्या पत्रिका वगळू नयेत. दोन वर्षांत या त्रैमासिकात छापण्याजोगी सामग्री निश्चित जमेल. त्यातून जे दिसेल ते आपल्याला अनुकूल असो वा नसो, ते आपल्या रुग्णांबद्दलचे असेल. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना यातना देऊन मिळवलेल्या माहितीचाही मान त्यातच आहे. त्या माहितीने जेवढे सांगितले तेवढेच आपण सांगावे आणि उरलेले स्वतः शोधावे. सभासदांनी या सूचनेवर आपली मते कार्यकारिणीस अवश्य कळवावीत, ही विनंती.